चौदा ओळींतला ‘मी’

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न हटकून विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या थांब्यावर, शाळेच्या पालकसभेत, कुठेही तो गाठतो. विचारणारा जरा जवळ सरकतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “बाकी सारे राहू द्या, पण त्यातले खरे किती?” लिहिणारी बाई असली की तो आवाज आणखी खाली येतो. पुरुषाने ‘मी’ म्हणून गोष्ट सांगितली तर लोक त्याची भाषा पाहतात. बाईने ‘मी’ म्हटले की लोक तिच्या घरात डोकावतात.

या प्रश्नाला दोन उत्तरे देण्याची रीत आहे. “सारे काल्पनिक आहे हो,” हे एक, आणि “अनुभवाशिवाय का कुणी लिहिते?” हे दुसरे. मी दोन्ही देऊन पाहिली आहेत. पहिल्या उत्तरावर विचारणाऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि दुसऱ्यावर नको तितका बसतो. शिवाय दोन्ही उत्तरे देताना माझे मलाच कुठेतरी खटकते. काहीतरी राहून गेले, असे वाटते.

गेली काही वर्षे या अडचणीत मला एक सोबत मिळाली आहे. ती मंडळी फार दूरची: इटली, फ्रान्स आणि इंग्लंड या देशांतली, चारशे ते साडेसहाशे वर्षांपूर्वीची. त्या काळाला आपण प्रबोधनकाळ म्हणतो. या मंडळींनी प्रेमाची सुनीते लिहिली, आणि त्यांनाही तोच प्रश्न विचारला गेला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इटालियन किंवा फ्रेंच मला येत नाही. इंग्रजी भाषांतरे कोश मांडीवर घेऊन वाचायची, असा माझा खाक्या. तेव्हा मी लिहिते ते पंडिताच्या अधिकाराने लिहीत नाही. शेजारच्या दुकानात हाच माल कसा मांडतात ते एका दुकानदाराने जाऊन पाहावे, तसे माझे वाचन आहे.

सुनीत आपल्याला परके नाही. केशवसुतांनी १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून ते मराठीत आणले. त्यांनी त्याला चतुर्दशक म्हटले. ‘सुनीत’ हे गोड नाव पुढे रविकिरण मंडळाच्या काळात रूढ झाले. चौदा ओळी, ठरलेली यमके, मध्येच विचाराला दिलेले एक वळण, असा हा लहानसा, काटेकोर घाट. तेराव्या शतकात सिसिलीच्या दरबारात तो जन्मला. पण त्याला घराघरात पोचवले ते चौदाव्या शतकातल्या पेत्रार्कने.

फ्रान्चेस्को पेत्रार्क १३०४ मध्ये इटलीत आरेत्सो येथे जन्मला. पोपची गादी तेव्हा रोमहून दक्षिण फ्रान्समधल्या आव्हीन्याँ शहरी हलली होती. वडील पोटापाण्यासाठी त्या बाजूला गेले, आणि मुलाचे लहानपण तिकडेच गेले. त्याच्याजवळ व्हर्जिल या प्राचीन लॅटिन कवीच्या काव्याचे एक हस्तलिखित होते. ते एकदा चोरीला गेले आणि पुष्कळ वर्षांनी परत मिळाले. त्याच्या त्याने तारखाही टिपून ठेवल्या. आज ते मिलानच्या आम्ब्रोझियाना ग्रंथालयात आहे. त्याच्या आतल्या पानावर पेत्रार्कच्या हातची एक लॅटिन नोंद आहे. आपल्या कवितांतून गाजलेली लॉरा आपल्याला प्रथम दिसली ती ६ एप्रिल १३२७ रोजी पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी, आव्हीन्याँच्या सेंट क्लेअर चर्चमध्ये. ती गेली तीही त्याच गावी, एप्रिलच्या सहा तारखेलाच, १३४८ साली. तेव्हा आपण वेरोना येथे होतो, आपल्याला काही ठाऊक नव्हते. पार्मा येथे १९ मे रोजी मित्राचे पत्र आले तेव्हा कळले. ज्या पुस्तकाकडे आपली नजर वारंवार जाते त्यातच हे लिहून ठेवतो आहोत, असेही तो म्हणतो.

आपल्याकडे जुन्या पोथीच्या शेवटच्या पानावर घरातल्या जन्ममृत्यूंची नोंद करीत, तसे हे. लॉराला वाचकांसाठी लिहिलेल्या कवितेत नटवता येते. पण स्वतःच्या पुस्तकात, स्वतःसाठी केलेल्या नोंदीत कोण कशाला खोटे लिहील? १३४८ हे युरोपात काळ्या प्लेगने माणसे पटापट मेल्याचे वर्ष. नोंद वाचताना मन भरून येते.

पण पुढे वाचीत गेले की मन जरा सावध होते. लॉरा दिसली तो दिवस ख्रिस्ताच्या मरणाच्या शोकाचा होता, असे पेत्रार्क आपल्या एका सुरुवातीच्या सुनीतात सुचवतो. म्हणजे गुड फ्रायडे. दुसऱ्या एका सुनीतात तो ६ एप्रिल ही तारीखही देतो. आता पंचांग काढून पाहिले तर १३२७ साली ईस्टर होता १२ एप्रिलला, म्हणून गुड फ्रायडे आला १० एप्रिलला. सहा तारखेला सोमवार होता! त्याच्या काव्यसंग्रहात कविता आहेत ३६६, पैकी सुनीते ३१७. वर्षाचे दिवस ३६५, आणि एक प्रास्ताविकाची. लॉराच्या मृत्यूकडे वळणारा संग्रहाचा दुसरा भाग सुरू होतो तो २६४ व्या कवितेने. सहा एप्रिलपासून दिवस मोजू लागलात तर २६४ वा दिवस येतो २५ डिसेंबर, म्हणजे नाताळ. हे एका अभ्यासकाच्या ध्यानात आले. मी बोटांवर मोजून पाहिले, हिशोब बरोबर आहे. प्रेम सुरू होते तो वधस्तंभाचा दिवस आणि शोक सुरू होतो तो जन्माचा. आयुष्य आपल्याला इतक्या नीटनेटक्या तारखा देत नाही. हे घडवलेले आहे.

तिचे नावदेखील असेच. लॉरा या नावात इटालियन भाषेतले लॉरेलचे झाड आहे, वाऱ्याची झुळूक आहे, सोने आहे. पेत्रार्क या साऱ्या श्लेषांशी मनसोक्त खेळतो. आणि लॉरेलच्या पानांचाच मुकुट कवीला घालीत. ८ एप्रिल १३४१ रोजी रोममध्ये पेत्रार्कच्या डोक्यावर तो चढला. जिच्या नावातच कीर्ती दडली आहे अशी प्रेयसी कवीला आपोआप भेटावी, हे जरा फारच सोयीचे. त्याच्या एका जवळच्या मित्राने, बिशप जाकोमो कोलोन्नाने, तेव्हाच त्याची थट्टा केली होती की ही लॉरा तू रचलेली आहेस, तुला खरी ओढ आहे ती कवीच्या मुकुटाची. पेत्रार्कने पत्रातून उत्तर दिले. ते सारे नाटक असते तर किती बरे झाले असते, असा त्या उत्तराचा भाव आहे. म्हणजे पहा, “त्यातले खरे किती?” हा प्रश्न सुनीताइतकाच जुना आहे, आणि विचारणारे बहुधा मित्रच असतात.

मग लॉरा होती की नव्हती? पुष्कळ वर्षे मी याच प्रश्नापाशी घुटमळत होते. या घोळातून मला बाहेर काढले ते कोणत्या ग्रंथाने नव्हे, पाचवीतल्या एका मुलाने.

आमच्या मराठीच्या तासाला ‘आत्मवृत्त’ नावाचा निबंधाचा एक प्रकार असतो. नदीचे आत्मवृत्त, जुन्या वटवृक्षाचे आत्मवृत्त, मोडक्या खुर्चीचे आत्मवृत्त. तुम्हीही लिहिली असतील. त्याच मुलाने आधी ‘माझे घर’ हा निबंध लिहिला होता. माझे घर सुंदर आहे, घरापुढे अंगण आहे, अंगणात तुळस आहे, मला माझे घर फार आवडते. वर्गातल्या चाळीस वह्यांत होते तेच त्याच्याही वहीत होते. पुढे पावसाळ्यात मी ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ दिले. मुलांच्या छत्र्या वाऱ्याने उलटल्या, आगगाडीत विसरल्या, मोडीत गेल्या. या मुलाची छत्री घराबाहेर पडलीच नाही. तिने लिहिले होते की मला कुणी बाहेर नेत नाही, पाऊस आला की आई मला चुलीवर धरून बसते, आणि माझ्या भोकातून थेंब पडला की भाकरीवर चर्र असा आवाज होतो.

‘माझे घर’ मध्ये जे घर आले नाही ते छत्रीच्या तोंडून आले. ‘मी’ म्हणून लिही म्हटल्यावर तो मुलगा सर्वांसारखा झाला, आणि छत्रीचा मुखवटा दिल्यावर तो स्वतः झाला. आता छत्री बोलत नाही म्हणून हा निबंध खोटा म्हणायचा का?

ही छत्री डोक्यात ठेवून मी पुन्हा पेत्रार्ककडे गेले, तेव्हा मला वेगळेच काही दिसू लागले. गुड फ्रायडे, ३६६ कविता, लॉरेलचे श्लेष ही त्याची छत्री. त्या घाटाच्या आडून तो जे सांगतो ते पाहायला हवे. संग्रहातले पहिले सुनीत त्याने सर्वांत आधी लिहिलेले नाही. चाळिशी उलटल्यावर, मागे वळून पाहताना लिहून ते आरंभी ठेवले आहे. त्यात तो वाचकांकडे दयेची आणि क्षमेचीही अपेक्षा ठेवतो, आपल्या प्रेमाचा लोकांत कसा बोभाटा झाला ते आठवून शरमतो, आणि तेव्हाचा आपण आजच्याहून वेगळे होतो असे म्हणतो. पण ‘वेगळे होतो’ असे सरळ म्हणून तो सुटत नाही. काही अंशी वेगळे, इतकेच तो कबूल करतो. हा ‘काही अंशी’ मला मोठा वाटतो. जुने वेड सरले, आता मी शहाणा झालो, असे म्हणण्याचा मोह प्रत्येक आत्मचरित्रकाराला होतो. पेत्रार्क तो मोह ओळखतो. एक ‘मी’ प्रेमात जळतो आहे, आणि दुसरा ‘मी’ त्या जळणाऱ्याकडे पाहतो आहे. आणि पाहणाऱ्यालाही ठाऊक आहे की आपण पुरते विझलेलो नाही. या दोघांच्या मधल्या जागेत ती सुनीते लिहिली गेली.

ही स्वतःकडे पाहण्याची सवय त्याला कुठून लागली, हेही त्याने लपवले नाही. संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाची एक लहान प्रत तो जवळ बाळगीत असे. व्हाँतू पर्वत चढून गेल्यावर त्याने ती उघडली, माणसे डोंगर पाहायला जातात आणि स्वतःकडे पाहत नाहीत अशा अर्थाचा मजकूर समोर आला आणि आपण ओशाळलो, असे त्याचे एक प्रसिद्ध पत्र आहे. पत्रावर तारीख २६ एप्रिल १३३६ ची आहे. पण ते आज आहे त्या रूपात सुमारे सतरा वर्षांनी लिहिले असावे, असे अभ्यासक मानतात. पुन्हा तेच: तारीख रचलेली, ओशाळणे खरे. त्याचा एक लॅटिन संवादही आहे, ज्यात ऑगस्टीन त्याला समोर बसवून तीन दिवस खडसावतो. प्रेम आणि कीर्ती या तुझ्या दोन बेड्या आहेत, आणि त्यांना तू दागिने समजतोस, असा त्याचा रोख. लॉरेलच्या मुकुटासाठी तुला लॉराचे नाव प्रिय झाले, हा मित्राने थट्टेने केलेला आरोप इथे पेत्रार्क स्वतःच, संताच्या तोंडून, स्वतःवर करतो. हे पुस्तक त्याने हयातीत लोकांपुढे आणले नाही.

त्याच्या कवितांचे कच्चे कागदही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. त्यांच्या समासात त्याने लॅटिनमध्ये टिपणे केली आहेत: कविता कोणत्या दिवशी हाती घेतली, कोणत्या वेळी, उतरवून झाली की नाही, हा पाठ आवडला. वर प्रेमाने घायाळ झालेला माणूस विव्हळतो आहे आणि शेजारच्या समासात एक कारागीर तासलेल्या लाकडावर हात फिरवून पाहतो आहे. मला यात ढोंग दिसत नाही. माझ्या वहीतही असेच असते. आईच्या मरणाचा प्रसंग लिहिताना डोळे पुसायचे, आणि त्याच हाताने एक विशेषण खोडायचे.

मात्र पेत्रार्कने काय लिहिले याइतकेच काय वगळले तेही पाहायला हवे. त्याला दोन मुले होती. मुलगा १३३७ चा, मुलगी फ्रान्चेस्का १३४३ ची. ती लॉराची नव्हेत. म्हणजे लॉरासाठी उसासे टाकण्याच्या ऐन काळात घरी पाळणा हलला होता. ३६६ कवितांत त्याचा पत्ता नाही. उतारवयात मुलगी आणि जावई यांचे कुटुंब त्याच्याजवळ होते. आर्क्वाच्या त्या घरात म्हातारा कवी अखेरपर्यंत संग्रहाच्या शेवटच्या कवितांचा क्रम बदलीत होता, आणि घर मुलगी सांभाळीत होती. आत्मचरित्रात ‘आत्म’ किती आणि चरित्र किती, याचा हिशोब करताना मला त्या मुलीची आठवण येते.

पेत्रार्कच्या या घाटाचे पुढे साचे झाले. दोनशे वर्षे युरोपभर कवी त्याच्या बर्फात गारठत होते आणि त्याच्याच आगीत जळत होते. प्रत्येकाची प्रेयसी निष्ठुर, प्रत्येकीचे डोळे सूर्यासारखे. वाचून कंटाळा यावा असे पुष्कळ आहे. पण याच उसन्या कपड्यांत काही माणसे अशी वावरली की कपडे त्यांचेच झाले. त्यांत दोन बायका आहेत.

गास्पारा स्ताम्पा ही पादुआत जन्मलेली, व्हेनिसमध्ये वाढलेली, जवाहिऱ्याची मुलगी. कोल्लाल्तीनो नावाच्या एका सरदारावर तिचे प्रेम बसले. तो लढाईसाठी फ्रान्सला गेला आणि हळूहळू तिला विसरला. १५५४ मध्ये, तिशी जेमतेम उलटली असताना, ती वारली. त्याच वर्षी तिच्या बहिणीने तिच्या कविता छापल्या. तिचे पहिले सुनीत पेत्रार्कच्या पहिल्या सुनीतावर बेतलेले आहे, हे कुणाही वाचकाला कळेल. पण पेत्रार्क जिथे शरमतो तिथे ती शरमत नाही. या प्रेमाने आणि या कवितांनी आपल्याला कीर्ती मिळावी, आणि एखाद्या बाईला आपला हेवा वाटावा, अशी आशा ती उघड बोलून दाखवते. पेत्रार्कचे प्रेम गुड फ्रायडेचे, तर तिचे नाताळच्या सुमाराचे, तारणहाराच्या जन्माच्या वेळचे. पेत्रार्कची निष्ठा एकीवर, जन्मभर. हिने मात्र पहिले प्रेम विझल्यावर दुसरे आले तेही लिहून टाकले. चारचौघांत उठून दिसेल असे आपण बोलतो आहोत, याची तिला पूर्ण जाणीव आहे. मूळ नमुना सर्वांना पाठ होता म्हणूनच तिने बदललेली एकेक गोष्ट लोकांना ऐकू गेली. साच्याचा असाही उपयोग असतो.

दुसरी लुईझ लाबे, फ्रान्समधल्या लिआँ शहरातली. दोरखंड करणाऱ्याची मुलगी आणि दोरखंड करणाऱ्याचीच बायको. १५५५ मध्ये तिचे पुस्तक निघाले, त्यात २४ सुनीते आहेत. प्रस्तावनेत ती बायकांना सांगते की चाती आणि टकळीच्या जरा वर मन न्या, लिहा. सुनीतांत ती प्रेमाची, देहाच्या ओढीची भाषा अशी निर्भयपणे बोलते की आजही वाचताना माणूस दचकतो. आणि तिच्या वाट्याला काय आले? २००६ साली पॅरिसच्या एका नामांकित विदुषीने, मिरेय ह्यूशाँ यांनी, ग्रंथ लिहून मांडले की या कविता लाबेच्या नव्हेतच. लिआँच्या पुरुष कवींनी मिळून ही कवयित्री रचली. या मतावर वाद झाला, अनेकांनी ते खोडून काढले. लुईझ नावाची बाई होती यात शंका नाही; तिचे १५६५ चे मृत्युपत्र आहे. विदुषींच्या पुराव्यांची पारख करणे माझ्या आवाक्यातले नाही. पण एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. पुरुषाने सुनीत लिहिले तेव्हा लोकांनी विचारले, यातली बाई खरी का? बाईने लिहिले तेव्हा विचारले, हे बाईने लिहिले हे खरे का?

आता इंग्लंडमधले एक घर. सर फिलिप सिडनी हा दरबारी, शिपाई आणि कवी. त्याने १०८ सुनीतांची एक माळ लिहिली. नायक ॲस्ट्रोफिल, म्हणजे ताऱ्यावर प्रेम करणारा. नायिका स्टेला, म्हणजे तारा. ‘फिल’ मध्ये फिलिप दडलेला आहे, हे लपवायचे त्याच्या मनातच नव्हते. आपल्या वडिलांच्या आयर्लंडमधल्या कारभाराचाही तो उल्लेख करतो. आणि स्टेला कोण, तर पेनेलोपी; १५८१ मध्ये तिचे लग्न लॉर्ड रिच यांच्याशी झाले. इंग्रजीत रिच म्हणजे श्रीमंत. सिडनी त्या शब्दावर असे काही श्लेष करतो की ओळखायचे ते सारे ओळखतील. १५८६ मध्ये तो लढाईतल्या जखमेने वारला. १५९१ मध्ये ही सुनीते छापली गेली, तेव्हा पेनेलोपी हयात होती, नवरा हयात होता. ॲस्ट्रोफिलच्या बाजूला १०८ सुनीते. स्टेलाला बोलायला मिळते ते मधल्या गीतांत, आणि तेही शब्द सिडनीने तिच्या तोंडी घातलेले.

हे वाचताना मला आमच्या घरची आठवण झाली. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिका ‘मी’ म्हणून बोलते, आणि तिचा नवरा एक घुमा, कोरडा माणूस आहे. पुस्तक आल्यावर आमच्या यजमानांना कचेरीत, बाजारात, देवळात लोक न्याहाळू लागले. ते स्वभावाने मिस्कील आहेत. “तुम्ही घरी खरेच असे वागता?” असे कुणी विचारलेच तर सांगत, “शेवटची प्रकरणे वाचायची राहिलीत, वाचून सांगतो.” एकदा मात्र रात्री दिवा मालवता मालवता त्यांनी विचारले, “तो नवरा मी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ती बाई सुखी नाही गं. ते तू कुठून आणलेस?”

“त्यातले खरे किती?” असा तो प्रश्न नव्हता. तो त्याहून खोल होता, आणि विचारणाऱ्याला उत्तर ऐकण्याचा हक्क होता. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. सिडनीचे एक सुनीत आहे. स्टेला ॲस्ट्रोफिलचे खरे दुःख डोळ्यांसमोर पाहते आणि तिला काही वाटत नाही. पण कुठल्याशा प्रेमिकांची काल्पनिक गोष्ट ऐकून तिला रडू येते. तेव्हा तो बिचारा विनवतो की मग मलाही एखाद्या गोष्टीतला माणूस समज, म्हणजे तुला माझी दया येईल. वाचताना हसू येते, आणि मग येत नाही. खरे माणूस घरात असते तेव्हा त्याचे दुःख आपल्याला दिसत नाही, ते गोष्टीत गेले की दिसते, हे सिडनीने नेमके ओळखले होते. मी यजमानांना दुसऱ्या दिवशी इतकेच सांगितले की तो नवरा रचलेला आहे, घर रचलेले आहे, पण संध्याकाळी ओट्यापाशी उभी असताना त्या बाईला जे वाटते ते मला वाटलेले आहे. तुमच्यामुळे असे नव्हे, तुम्ही असतानाही. ते जरा थांबले, आणि म्हणाले, “मग ते पान पुन्हा वाचतो.” गोष्टीचा मुखवटा नसता तर आमच्यात हे बोलणे कधी झाले असते, असे मला वाटत नाही.

शेवटी शेक्सपिअर. त्याची १५४ सुनीते १६०९ साली छापली गेली, आणि त्यातला देखणा तरुण कोण, सावळी बाई कोण, याचा शोध अजून चालू आहे. त्या शोधात मला फारसे मन नाही. आपल्या अभंगात ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा येते, ती उच्चारली की बोलणाऱ्याने आपल्या शब्दांची जबाबदारी घेतली असे वाटते. शेक्सपिअरही दोन सुनीतांत आपले ‘विल’ हे नाव घालतो. पण इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ इच्छा आणि वासनाही होतो, आणि तो त्या साऱ्या अर्थांची अशी सरमिसळ करतो की नाव सांगितले की लपवले तेच कळेनासे होते. आणखी एका सुनीतात तो स्वतःला उतारवयाचा म्हणवतो. प्रेयसी त्याला तरुण म्हणते, ते खोटे आहे हे त्याला ठाऊक, त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक, आणि दोघे त्या खोट्यावर सुखाने नांदतात. गंमत अशी, की हे सुनीत १५९९ सालीच एका संग्रहात छापले गेले होते. तेव्हा कवी होता पस्तीस वर्षांचा. वयाबद्दल खोटे बोलण्याच्या कवितेत कवी स्वतःच्याच वयाबद्दल आपल्याशी खोटे बोलतो! तरीही लग्न होऊन वीस वर्षे झालेल्या कुणालाही विचारा, ते सुनीत खरे आहे.

या साऱ्यांच्या सहवासात मला एवढेच उमगले आहे. तारीख चुकीची असेल, चर्च दुसरे असेल, प्रेयसीचे नाव श्लेषासाठी निवडलेले असेल; घटनांची साक्ष काढायला गेलात तर हे कवी पहिल्या प्रश्नालाच गडबडतील. पण स्वतःची उलटतपासणी त्यांनी खोटी केलेली नाही. जिथे कवी स्वतःला सूट देतो तिथे कविता पडते, मग तारीख कितीही अचूक असो. आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना बोलायला मिळाले नाही, हे देणे मात्र कोणत्याही चांगल्या ओळीने फिटत नाही. लॉराचे म्हणणे आपल्याला कधीच कळणार नाही. निदान आपल्या घरात जी माणसे हयात आहेत त्यांना विचारता येते, त्यांचे ऐकता येते.

फराळाचे ताट शेजारी ठेवून तुम्ही हा अंक चाळीत असाल. पुढच्या पानांवर कथा असतील, कविता असतील, आणि त्यांतले पुष्कळसे ‘मी’ म्हणून बोलत असेल. त्यांच्या घराचा पत्ता शोधू नका. छत्रीला भोक कुठे आहे आणि थेंब कुठे पडतो, तेवढे पाहा. आणि लेखक गावचा, ओळखीचा असला, तर लग्नाच्या पंगतीत त्याला जरा पोटभर जेवू द्या.